गच्चीवरील २० किलोवॅटचा सौर प्रकल्प : सेलच्या निवडीसंबंधी नोंदी

२२ डिसेंबर २०२४, रविवार

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातील दिवे आणि पुढेमागे बसवायची दोन विद्युत वाहन चार्जर यांच्यासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यास मंजुरी दिली असून तांत्रिक बाजू पाहण्याचे काम आमच्या तीन जणांच्या समितीकडे आले आहे. सामायिक मीटरचा महिन्याचा वापर सरासरी २२०० युनिटांच्या घरात जातो. नागपूरच्या उन्हात एक किलोवॅटमागे महिन्याला सुमारे १२० युनिट धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १८ किलोवॅटपेक्षा थोडे अधिक लागते, आणि चार्जर व पॅनेलची वयोमानाने होणारी घट लक्षात घेऊन २० किलोवॅट हे किमान उद्दिष्ट ठरवले आहे.

मोजमापासाठी आजचाच दिवस निवडला, कारण उत्तरायणाच्या तोंडावर सूर्य वर्षभरात सर्वांत खाली असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या किंचित वर असल्यामुळे आज माध्यान्ही सूर्याची उंची साधारण ४५ अंश भरते, म्हणजे वस्तूची जितकी उंची तितकीच तिची सावली. येथील खरी माध्यान्ह घड्याळातल्या बाराला नसून सव्वाबाराच्या जरा आधी होते. त्या वेळी मीटरपट्टी उभी धरली तेव्हा तिची सावली पट्टीच्या लांबीला जवळजवळ तंतोतंत जुळली. मग लिफ्टची मशीनरूम, पाण्याच्या दोन टाक्या आणि दक्षिणेकडील कठडा यांच्या सावल्यांच्या कडा खडूने आखून घेतल्या. सकाळी दहा आणि दुपारी अडीच वाजताच्या कडाही त्याच रेषांशेजारी आखल्या आहेत. या सर्व रेषांच्या बाहेर जो आयत उरतो, त्यात आजच्या प्रचलित मापाच्या, म्हणजे २२७८ गुणिले ११३४ मिलिमीटरच्या पॅनेलांच्या प्रत्येकी बाराच्या तीन रांगा बसतात. एकूण छत्तीस जागा. यापुढील सगळा विचार या छत्तीस जागांच्या मर्यादेतच करावा लागणार आहे.

५ जानेवारी २०२५

कार्यक्षमतेचा, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी किती हिस्सा वीज होतो याचा, आकडा कागदावर नेमके काय सांगतो, हे समितीतील सर्वांना एकदा स्पष्ट व्हावे म्हणून आज साधा गुणाकार केला. प्रमाणित चाचणीत प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि सेलचे, म्हणजे पॅनेलमधील प्रत्यक्ष वीज बनवणाऱ्या चकत्यांचे, तापमान २५ अंश सेल्सिअस धरलेले असते. वरील मापाच्या पॅनेलचे क्षेत्रफळ २.५८ चौरस मीटर आहे. ते ५४० वॅटचे असेल तर कार्यक्षमता २०.९ टक्के येते आणि ५७५ वॅटचे असेल तर २२.३ टक्के. पहिले ‘पर्क’ प्रकारचे, दुसरे ‘टॉपकॉन’ प्रकारचे; ही सिलिकॉन सेलच्या दोन रचनांची नावे आहेत. शेजारच्या गल्लीतील एका बंगल्यावर काही वर्षांपूर्वी बसवलेली निळसर, बहुस्फटिकी पॅनेल ३२५ वॅटची आहेत. त्यांचे माप धरून आकडा १७ टक्क्यांच्याही खाली जातो.

आमच्या छत्तीस जागांत पर्कची १९.४ किलोवॅट क्षमता मावते, तर टॉपकॉनची २०.७. जुन्या बहुस्फटिकी पॅनेलांनी २० किलोवॅट गाठायचे तर १२० चौरस मीटर पॅनेल लागले असते. तितकी सावलीविरहित जागा आमच्याकडे नाहीच. मोकळे माळरान हाताशी असलेल्या माणसाला दीड टक्क्याच्या फरकाचे फारसे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. पण शहरातल्या सामायिक गच्चीवर तोच फरक उद्दिष्ट पुरे होते की अपुरे राहते, हे ठरवतो.

१९ जानेवारी २०२५

चार विक्रेत्यांची कोटेशने आली. ती शेजारी शेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते : एकूण खर्चात पॅनेलांचा वाटा निम्म्याहून कमी आहे. उरलेला पैसा लोखंडी सांगाडा, इन्व्हर्टर, केबल, अर्थिंग, वीजरोधक आणि मजुरी यांत जातो.

आमच्या बाबतीत सांगाडा विशेष महाग पडतो, आणि त्याला कारण उन्हाळी वाळवणे आहेत. गच्ची अडली तर कुरड्या, सांडगे आणि पापड कुठे घालायचे, असा प्रश्न सभेत काकूंनी उपस्थित केला होता, आणि तो रास्त होता. त्यामुळे पॅनेल जमिनीलगत न ठेवता आठ फूट उंचीवर न्यायचे ठरले. उंची आली की जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपची जाडी वाढते, तिरके आधार वाढतात आणि मेमधल्या वादळाचा उचलून नेणारा जोर सहन करण्यासाठी पायाचे काँक्रीट वाढते. मोजमापाला आलेले फॅब्रिकेटर भाऊ म्हणाले, “साहेब, पॅनेल स्वस्त होऊन राहिले, पण लोखंड काही खाली येऊन नाही राहिलं. तुम्ही पाचशेचं लावा की सहाशेचं, मले पाइप तेवढाच लागते.”

या प्रश्नाचे सार त्यांच्या या बोलण्यात आले आहे, असे मला वाटते. सत्तरच्या दशकात सौर पॅनेलच्या एका वॅटला कित्येक डॉलर पडत असत, तेव्हा कमी कार्यक्षमतेचे पण स्वस्त पॅनेल घेणे शहाणपणाचे ठरू शकत होते. आज जागतिक बाजारात तोच वॅट डॉलरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळतो, आणि जो खर्च शिल्लक राहतो तो वॅटवर नसून चौरस मीटरवर आकारला जातो. पॅनेल स्वस्त झाल्यामुळे कार्यक्षमतेचे मोल कमी होईल असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ते वाढले आहे, कारण सांगाड्याच्या प्रत्येक मीटरवर किती वॅट बसतात यावरच आता हिशेब ठरतो.

अनुदानाची नोंद : पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये केंद्रीय साहाय्य आहे. त्यासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असण्याची अट आहे. हेटेरोजंक्शन या तिसऱ्या रचनेचे, ही अट पाळणारे पॅनेल चारपैकी एकाही विक्रेत्याने देऊ केलेले नाही. निवड त्यामुळे पर्क आणि टॉपकॉन या दोघांतच उरते.

९ फेब्रुवारी २०२५

सभासदांपैकी काहींचा असा आक्षेप आहे की टॉपकॉन हे केवळ विक्रीसाठी काढलेले नवे नाव आहे. त्याचे उत्तर लेखी असावे म्हणून ही नोंद सविस्तर करत आहे.

सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी प्रकाशकणाकडे किमान १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असावी लागते. त्याहून कमी ऊर्जेचे अवरक्त किरण सेलच्या काही उपयोगी पडत नाहीत. त्याहून अधिक ऊर्जेच्या निळ्या-जांभळ्या किरणांतील जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. एकाच पदार्थाच्या, एकाच संधीच्या (जंक्शनच्या) सेलला या दुहेरी नुकसानामुळे किती मजल मारता येईल, याचे गणित शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडले. सर्वांत अनुकूल पदार्थासाठीही ती मर्यादा ३३.७ टक्क्यांच्या आसपास येते. सिलिकॉनसाठी, त्याच्या स्वतःच्या अंगभूत ऱ्हासासह, ती सुमारे २९.४ टक्के मानली जाते. बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये दाखवलेला पहिला व्यवहार्य सिलिकॉन सेल ६ टक्क्यांचा होता, आणि प्रयोगशाळेतील उत्तम सिलिकॉन सेलने आज २७ टक्के ओलांडले आहेत. छताला डोके लागायला आता फार अंतर उरलेले नाही.

मधली वाटचाल मुख्यतः सेलच्या पाठीमागच्या बाजूची आहे. जुन्या सेलच्या संपूर्ण पाठीवर ॲल्युमिनियमचा थर असे आणि धातू जेथे सिलिकॉनला थेट टेकतो तेथे मोकळे झालेले इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यापूर्वीच परत जागेवर बसून जात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या पर्क रचनेत पाठीवर इलेक्ट्रॉनना असे परत बसू न देणारा पातळ थर देऊन धातूचा स्पर्श मोजक्या ठिकाणांपुरता मर्यादित केला गेला. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०१३ मध्ये मांडलेल्या टॉपकॉन रचनेत धातू सिलिकॉनला टेकतच नाही; मध्ये जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा सिलिकॉन ऑक्साइडचा पडदा आणि त्यावर पॉलिसिलिकॉनचा थर असतो, आणि इलेक्ट्रॉन तो पडदा भेदून पलीकडे जातात. हेटेरोजंक्शनमध्ये हेच काम अस्फटिकी सिलिकॉनचे थर करतात. म्हणजे नाव नवे असले तरी बदल नावापुरता नाही.

नागपूरच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा याच्या पुढचा आहे. पाठीमागचा ऱ्हास कमी झाला की सेलचा व्होल्टेज वाढतो, आणि उन्हाने सेल तापतो तेव्हा घसरतो तोही मुख्यतः व्होल्टेजच. ज्या सेलचा मूळ व्होल्टेज अधिक, त्याची तापल्यावरची घसरण प्रमाणाने कमी. म्हणूनच डेटाशीटवर पर्कचा तापमान गुणांक, म्हणजे सेल तापताना क्षमतेत होणारी घट, प्रति अंश उणे ०.३५ टक्के, टॉपकॉनचा उणे ०.३० आणि हेटेरोजंक्शनचा उणे ०.२५ च्या जवळपास आढळतो. वाढलेली कार्यक्षमता आणि उष्णता सोसण्याची ताकद हे दोन वेगवेगळे गुण नसून एकाच सुधारणेचे परिणाम आहेत. विक्रेत्यांनी मात्र ते दोन वेगळे फायदे म्हणून दोन ओळींत छापले आहेत.

१६ मार्च २०२५

काचेविषयी थोडे. विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिल गारपिटीची धास्ती असते. पारंपरिक पॅनेलला पुढे ३.२ मिलिमीटरची पूर्ण कणखर केलेली एकच काच असते. दुहेरी काचेच्या पॅनेलांत दोन्ही बाजूंना बहुधा २ मिलिमीटरच्या, अर्धवट कणखर केलेल्या काचा येतात. दुहेरी काच ओलाव्यापासून सेलचे संरक्षण चांगले करते, पण गारेचा थेट मार झेलण्यात पातळ काच उजवी नाही. प्रमाणित चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात. त्याहून मोठ्या गारा या भागाने पाहिल्या आहेत. विमा पॉलिसीत गारपिटीचा स्पष्ट उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी, असे सचिवांना कळवले.

२० एप्रिल २०२५

विक्रेत्याकडून दोन दिवसांसाठी उसने आणलेले एक पर्क आणि एक टॉपकॉन पॅनेल गच्चीवर शेजारी शेजारी, तात्पुरत्या घोडीवर ठेवून दुपारी मोजमाप घेतले. जिन्याच्या सावलीत टांगलेला थर्मामीटर ४३ अंशांच्या वर होता. पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला संवेदक एक वाजताच्या सुमारास ७० अंशांच्या आसपास स्थिरावला. काचेच्या कडेला बोट टेकवले तर क्षणभरही ठेववत नव्हते. पॅनेल कशालाही जोडलेले नसल्यामुळे ते चालू स्थितीपेक्षा थोडे अधिक तापते, कारण एरवी तारेतून बाहेर जाणारा ऊर्जेचा पाचवा हिस्साही अशा वेळी आतच उष्णता होतो. निष्कर्ष काढताना ही सवलत ठेवली आहे. पर्कच्या डेटाशीटवर खुल्या परिपथाचा, म्हणजे पॅनेल कशालाही न जोडता मिळणारा, व्होल्टेज ४९ च्या पुढे आहे. मल्टिमीटरने ४३ ते ४४ दाखवला. टॉपकॉनचा ५१ वरून ४५ ते ४६ वर आला. दोन्हीही गुणांकाने येणाऱ्या आकड्यांशी जुळतात.

७० अंश हे तापमान धरून पुन्हा गणित केले. पर्कची कार्यक्षमता २०.९ वरून १७.६ वर उतरते, टॉपकॉनची २२.३ वरून १९.३ वर. प्रमाणित चाचणीत टॉपकॉन साडेसहा टक्क्यांनी पुढे असते, ते तापलेल्या गच्चीवर नऊ टक्क्यांहून अधिक पुढे जाते. हा कमाल उन्हाचा फरक आहे, वर्षभराचा नव्हे. सकाळ-संध्याकाळ, पावसाळा आणि हिवाळा धरून सेलचे सरासरी तापमान ५० अंशांच्या घरात मानले तर गुणांकामुळे मिळणारा वार्षिक लाभ सव्वा टक्क्याच्या आसपास राहतो. एका विक्रेत्याने मेमधला आकडा बारा महिन्यांना लावून जी बचत दाखवली आहे ती ग्राह्य धरू नये.

मोजमाप चालू असताना अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा ताजी बातमी घेऊन वर आला : चीनमधील लाँगी कंपनीच्या सिलिकॉन-पेरोव्स्काइट टँडम सेलने, म्हणजे सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या दुसऱ्या स्फटिकी पदार्थाचा थर चढवलेल्या जोड-सेलने, ३४.८५ टक्के गाठले. “काका, दोन वर्षं थांबलो तर?” हा त्याचा प्रश्न. प्रश्न योग्य असल्याने उत्तरासाठी वेळ मागून घेतला.

११ मे २०२५

थांबावे काय, या प्रश्नाचे उत्तर.

टँडम सेलमध्ये दोन पदार्थ एकावर एक असतात. रास चाळताना वर मोठ्या छिद्रांची आणि खाली बारीक छिद्रांची चाळणी लावावी, तसे वरचा पेरोव्स्काइट थर अधिक ऊर्जेचे निळे-हिरवे किरण टिपतो आणि तांबडे-अवरक्त किरण खालच्या सिलिकॉनकडे सोडतो. निळ्या किरणांची जी ऊर्जा सिलिकॉनमध्ये उष्णता होऊन जाते, तिचा मोठा भाग वरच्या थरात अधिक व्होल्टेजच्या रूपाने हाती येतो. त्यामुळे सिलिकॉनची २९.४ टक्क्यांची मर्यादा या जोडीला लागू होत नाही. पेरोव्स्काइटचा प्रवासही विलक्षण वेगाचा आहे. जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलेला सेल ३.८ टक्क्यांचा होता, आणि आज एकट्या पेरोव्स्काइटचे सेल २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. सिलिकॉनला एवढी मजल मारायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

मात्र विक्रम सुमारे एक चौरस सेंटिमीटरच्या सेलचा आहे. पूर्ण पॅनेल म्हणून बाजारात गेलेला पहिला माल ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पाठवला, आणि त्याची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. तेच पॅनेल आम्हाला आज मिळाले असते असे समजून हिशेब केला : २० किलोवॅटसाठी टॉपकॉनला ९० चौरस मीटर लागतात, या टँडमला ८२. आठ चौरस मीटरच्या बचतीसाठी दोन वर्षांचे वीजबिल भरत राहणे परवडणारे नाही. उद्या ३० टक्क्यांचे पॅनेल आले तर मात्र ६७ चौरस मीटरमध्ये काम भागेल. सांगाड्याचा चौथा हिस्सा वाचेल आणि तेव्हा हिशेब खरोखर बदललेला असेल.

टिकाऊपणाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. पेरोव्स्काइटला ओलावा आणि उष्णता दोन्ही मानवत नाहीत, आणि उन्हाळ्यात सत्तर अंश व लगेच जूनपासून दमट हवा असा येथील क्रम आहे. प्रमाणित चाचणीत पॅनेल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. ती उत्तीर्ण होणे आवश्यक आहे, पण पंचवीस वर्षांची हमी देण्याइतका प्रत्यक्ष अनुभव या पदार्थाच्या गाठीशी अजून नाही. शिवाय त्यात शिसे असते, आणि काच फुटल्यास ते पावसाच्या पाण्यात उतरू नये याची तजवीज लागते. सिलिकॉनच्या बाबतीत निदान झीज किती धरायची हे ठाऊक आहे : टॉपकॉनच्या हमीपत्रात पहिल्या वर्षी १ टक्का आणि पुढे दरवर्षी ०.४ टक्के, म्हणजे तिसाव्या वर्षअखेर ८७.४ टक्के क्षमता; पर्कच्या हमीपत्रात पहिल्या वर्षी २ आणि पुढे ०.५५ टक्के.

समितीचे मत : थांबू नये. सांगाडा मात्र पॅनेलपेक्षा जास्त जगेल असे गृहीत धरून बांधावा. पाइपवर थेट भोके पाडून पॅनेल आवळण्याऐवजी सरकते क्लॅम्प वापरावेत, म्हणजे पुढे अधिक क्षमतेची, थोड्या वेगळ्या मापाची पॅनेल त्याच सांगाड्यावर चढवता येतील.

१५ जून २०२५

किरकोळ बाबी. शांघायच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने लाँगीने २६०.९ चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे व्यवहारात वापरण्याजोग्या मापाच्या टँडम सेलची ३३ टक्के कार्यक्षमता जाहीर केली आहे. आधीच्या विक्रमापेक्षा मला हा आकडा अधिक अर्थपूर्ण वाटतो. आमचा निर्णय त्याने बदलत नाही.

कोन १५ अंश ठरला. अक्षांशाइतका २१ अंशांचा कोन वार्षिक उत्पादनासाठी पुस्तकी उत्तर असले तरी २६ मेच्या आसपास येथे सूर्य डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो उत्तरेकडेच असतो, आणि उतार जितका कमी तितका वाऱ्याचा जोरही कमी बसतो. याहून सपाट ठेवल्यास खालच्या कडेला धूळ साचून राहील. सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ आमच्या भागात कायमचीच आहे, आणि उत्तरेकडील वस्त्यांत कोराडी-खापरखेड्याच्या राखेचीही भर पडते. पॅनेल धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये. त्यातील क्षारांचा पांढरा थर काचेवर बसला की तो सहजासहजी निघत नाही. नळाचे पाणी, तेही सूर्य वर येण्याआधी.

दुहेरी काचेची पॅनेल मागच्या बाजूनेही वीज देतात. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिल्यास हा लाभ वाढतो आणि चौथ्या मजल्यावरच्या घरांनाही तेवढाच गारवा मिळतो. जाहिरातींत यासाठी मोठे आकडे दिसतात. आम्ही हिशेबात पाच टक्क्यांहून अधिक धरलेले नाही.

६ जुलै २०२५

ऑर्डर दिली. ५७५ वॅटची, देशी सेलची, दुहेरी काचेची ३५ टॉपकॉन पॅनेल, एकूण २०.१ किलोवॅट. छत्तिसावी जागा पश्चिमेकडील टाकीला सर्वांत जवळची असून हिवाळ्यात चारनंतर तिच्यावर सावली येते, म्हणून ती रिकामी ठेवली आहे. १८ आणि १७ पॅनेलांच्या दोन स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळा, इन्व्हर्टरच्या दोन स्वतंत्र प्रवेशांना जोडल्या जातील. थंडीत व्होल्टेज वाढतो हे विसरून चालत नाही : जानेवारीच्या पहाटे सेल ५ अंशांवर असताना अठरा पॅनेलांची स्ट्रिंग सुमारे ९६५ व्होल्टपर्यंत चढते. इन्व्हर्टरची मर्यादा ११०० व्होल्ट असल्याने पुरेसे अंतर राहते.

करारात तीन अटी आवर्जून घातल्या. प्रत्येक पॅनेलचा कारखान्यातील चाचणी अहवाल अनुक्रमांकासह द्यावा. तापमान गुणांक उणे ०.३० टक्क्यांपेक्षा वाईट असल्यास माल परत घ्यावा. आणि बसवल्यानंतर पहिल्या निरभ्र दिवशी, पॅनेलच्या पाठीचे तापमान मोजूनच, अपेक्षित व प्रत्यक्ष उत्पादनाची तुलना करावी. यांतील तिसऱ्या अटीला विक्रेत्याने बरीच कुरकुर केली, परंतु तापमान न मोजता केलेल्या तुलनेला येथे काही अर्थ नाही हे शेवटी मान्य केले.

१० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट आहे. आपला प्रकल्प त्यापुढचा असल्याने महावितरणकडे तपासणी आणि घेतलेली व परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा नेट मीटर यांसाठी अर्ज दाखल केला आहे. पायाचे काँक्रीट पावसाची उघडीप पाहून घालायचे आहे, आणि त्याआधी फॅब्रिकेटर भाऊंनी खांबांच्या जागा डिसेंबरमध्ये आखलेल्या सावल्यांच्या नकाशाशी ताडून द्यायच्या आहेत.